उंचीची तकलीफ

आमचे भाऊकाका माणसाचं तोंड सर्वांत शेवटी बघायचे. आधी डोक्याचा शेंडा, मग पायातल्या चपला (टाच जाड असेल तर तेवढी वजा करायला), आणि आतल्या आत हिशेब जुळला की मग, "या, बसा." घरी आलेल्या पाहुण्याला पाणी विचारण्याआधी ते त्याला दाराच्या चौकटीत क्षणभर उभा करायचे. पाहुणा वाकून आत आला की काकांचा चेहरा उजळायचा. ताठ मानेनं सरळ आत आला की उतरायचा. आमच्या घरातले सगळेच त्या चौकटीतून ताठ मानेनं आत येतात. स्वाभिमान वगैरे काही नाही. डोकं पोचतच नाही.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. हिंगोलीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून होते. आमच्या आजोबांपर्यंत घरात देवळाची पूजा होती. गाभाऱ्याचं दार बुटकं असतं. पिढ्यान्‌पिढ्या त्यातून आत-बाहेर करून आमचं घराणं त्या मापाचं झालं असावं, असा माझा अंदाज आहे. काका पाच फूट दोन. मी पाच फूट तीन, म्हणजे घरातला उंच मुलगा. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. त्यांना होती ती कॉलेजची बास्केटबॉलची टीम.

काकांनी जन्मात कधी बॉल हातात धरला नव्हता. नोकरीच्या सुरुवातीला एकदा ऑफिसची किल्ली कुणाला तरी द्यायची म्हणून ते संध्याकाळी मैदानावर थांबले, आणि मॅच संपेपर्यंत किल्ली हातातच राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांना कुणी थांबवलं नव्हतं, तरी थांबले. पुढची तीस-एक वर्षं थांबलेच. कॉलेजसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळं त्यांच्या या थांबण्याचा सगळ्यात जास्त त्रास मला झाला. मॅच सुटली की ते थेट दुकानात यायचे, स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, "आपली टीम म्हणजे बिनछताचं घर आहे बघ. भिंती मजबूत. दारं-खिडक्या एक नंबर. वर काहीच नाही."

खरं होतं ते. पोरं पळायची चांगली, नेम चांगला, दम तर विचारू नका. पहाटे शेतात पाणी देऊन आलेली पोरं ती. पण सगळ्यात उंच गडी पाच फूट सात, आणि तोच रिंगखाली सेंटर म्हणून उभा. बॉल रिंगवर आपटून उडाला की समोरच्यांचे हात वर, आणि आपली पोरं खाली तोंड वर करून उभी. "प्रसादाची वाट बघून राहिलेत जसे काही," काका म्हणायचे. "अरे, पुजाऱ्याच्या पोटी मी जन्मलो. प्रसादाला तुमी काहून उभे?"

मॅचच्या दिवशी त्यांचा एक नेम होता. पाहुण्या टीमची गाडी यायच्या वेळी ऑफिसातून काहीतरी निमित्त काढून ते फाटकापाशी जाऊन उभे राहायचे. एकेक पोरगं गाडीतून उतरायचं आणि इकडं काकांचा चेहरा पिवळा पडत जायचा. मग माझ्या दुकानाच्या काउंटरवर दोन्ही हात टेकून हळूच सांगायचे, "तिघं आहेत." मी म्हणायचो, "तिघं तर तिघं, काका. खेळायला पाच लागतात." ते माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघायचे. फार वेळ लागायचा नाही. "तुला नाही कळायचं," म्हणायचे आणि निघून जायचे.

उपाय त्यांनी सगळे केले. पोरांना झाडाच्या फांदीला लोंबकळायला लावलं. खिशात कायम गूळ-शेंगदाणे. जो दिसेल त्याच्या मुठीत कोंबायचे. एका उन्हाळ्यात तर पोरांना घरी बोलावून दूध पाजायला सुरुवात केली. काकूंनी आठ दिवस दूध तापवलं आणि नवव्या दिवशी पातेलं आदळून म्हणाल्या, "अहो, ही लेकरं उंच व्हायची असती तर यांच्या आज्यांना दूध पाजायला पाहिजे होतं. आता काय पाजता?" दूध बंद झालं. पण तो मुद्दा त्यांच्या डोक्यात घर करून बसला असावा. कारण माझ्या लग्नाच्या वेळी, मुलगी बघायला गेलो तेव्हा आईनं विचारलं, "स्वयंपाक येतो का?" वडिलांनी विचारलं, "शिक्षण किती?" आणि भाऊकाकांनी विचारलं, "मुलीला मामा आहेत का? असतील तर जरा उभे राहता का?"

मामा उभे राहिले. पाच फूट अकरा. काकांनी तिथंच साखर मागवली. माझं लग्न कुणाच्या जोरावर ठरलं, हे बायको मला अजून ऐकवते. ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे, त्यामुळं वरूनच ऐकवते. पुढं आमची मुलगी आईच्या वळणावर गेली आणि मुलगा माझ्या. मुलाच्या पंधराव्या वाढदिवसाला काका आले, त्याला चौकटीत उभा केला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "असू दे. अभ्यास कर." इतक्या प्रेमानं कुणी कुणावर पाणी सोडलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि मग गजानन सापडला.

काका सेनगावला कुणाच्या तरी बारशाला गेले होते. परतीसाठी स्टँडवर उभे असताना समोर एक जीप थांबली. मागच्या बाकावरून एक पोरगं उतरू लागलं, ते उतरतच राहिलं. आधी गुडघे आले, मग बाकीचा आला, आणि सगळ्यात शेवटी, छताखालून सुटका करून घेत, डोकं आलं. काका सांगायचे, "मला वाटलं दोघं आहेत." सहा फूट तीन. बारावी झालेला, पुढं काय करायचं ते न ठरलेला, खांद्यावर खताचं रिकामं पोतं. काकांनी परतीची जीप सोडून दिली आणि त्या पोराच्या मागं मागं त्याच्या गावी गेले. बारशाचे पेढे त्याच्या घरी देऊन आले आणि संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन स्टुलावर न बसता उभेच राहिले. त्या दिवशी काका मला पाच फूट चार वाटले.

गजाननचे वडील दादाराव. थोडीशी कोरडवाहू जमीन आणि हा एकुलता एक मुलगा. "भाऊसायेब, तुमी म्हंता तर घालतो कालेजात," ते म्हणाले होते. "पन ह्येला खेळबिळ काई येत न्हाई. ह्यो वाकून वाकून चालतो."

तेच खरं दुखणं निघालं. बुटक्या दारांच्या घरात वाढलेला गजानन मोकळ्या मैदानातही मान खाली घालूनच उभा राहायचा. वरून बॉल आला की हात वर करण्याऐवजी डोकं चुकवायचा. स्पोर्ट्सचे सर शिट्टी तोंडातून काढून कपाळाला हात लावायचे. "भाऊसाहेब, तुम्ही उंची आणलीत. पण ती वापरायला तयार नाही." काका रोज संध्याकाळी कडेच्या ओट्यावर चढून ओरडायचे, "गज्या, वर बघ! वर कुणाचं घर नाहीये!" गजानन भीत भीत वर बघायचा आणि इकडं काकांना हसायचा. असं वर्षभर चाललं. हळूहळू त्याची मान सरळ झाली, हात वर गेले, आणि एक दिवस रिंगवरून उडालेला बॉल त्यानं असा सहज उतरवला, जसं कुणी माळ्यावरचा डबा काढावा. काका ओट्यावरून खाली उतरले आणि सरळ घरी गेले. काकू सांगतात, त्या दिवशी ते जेवताना मध्येच थांबून भिंतीकडं बघून हसत होते.

त्या वर्षीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नांदेडला होत्या. पहिलीच मॅच नेहमी आपल्याला हरवणाऱ्या टीमशी, तेच ते गाडीतून उतरणारे तिघं. काकांनी नवा शर्ट शिवून घेतला. आदल्या दिवशी दुपारी काका माझ्या दुकानात असताना गजाननचा फोन आला. त्याला नीट सांगता येईना. शेवटी फोन त्याच्या वडिलांनी घेतला.

"भाऊसायेब, आभाळ भरून आलंय. सोयाबीन वाळून कडक झालंय. पावसात सापडलं तर शेंगांतच कोंब फुटतील. मजुरांच्या टोळीनं सांगितलं होतं येतो, ती दुसरीकडं गेली. मागच्या पावसाचा चिखल हाये, हार्वेस्टर उतरत न्हाई. आता घरात मी आन्‌ गज्या. ह्यो गेला तर कापायचं कोनी?"

काका फोन कानाला लावून स्टुलावरून उठले. त्यांना रागवायला जागा नव्हती. वर्षभराचं पीक होतं ते. मी झेरॉक्स काढता काढता मनातल्या मनात म्हटलं, संपलं. तेवढ्यात काका म्हणाले, "दादाराव, गज्याला पाठवा. कापायला आमी येतो."

"आमी म्हंजे कोन?"

काकांनी माझ्याकडं बघितलं.

आमच्या सात पिढ्यांत कुणी विळा धरला नव्हता. बेल-फुलं तोडण्यापलीकडं आमच्या घराण्यानं निसर्गाला हात लावलेला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि भाऊकाका सेनगावच्या जीपमध्ये होतो, आणि गजानन टीमबरोबर नांदेडच्या एसटीत. मी काकांना एकदाच म्हणालो, "काका, तुमी नांदेडला जा. मी एकटा जातो शेतात." ते म्हणाले, "तू एकटा कापशील?" हा प्रश्न नव्हता.

सोयाबीन दिसायला गरीब पीक आहे. हात लावला की कळतं. शेंगांची टोकं सुईसारखी बोटांत घुसतात. दादाराव पात, म्हणजे आपल्या वाट्याच्या ओळी, धरून सरसर पुढं निघाले आणि काही वेळात आम्हाला ठिपक्याएवढे दिसू लागले. मी विळा मारायचो तर रोप मुळासकट वर यायचं, नाहीतर शेंगा तडतडून दाणे जमिनीवर. दादाराव परत आले, माझ्या मागची जमीन बघितली आणि अगदी अदबीनं म्हणाले, "म्हाराज, तुमी कापू नका. तुमी निसतं जमा करा." पुढं थोड्या वेळानं तेही काम त्यांनी काढून घेतलं आणि मला पाण्याच्या कळशीपाशी बसवलं. भाऊकाका मात्र ऐकेनात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला रुमाल, आणि नवा शर्ट. नांदेडला घालायचा म्हणून शिवलेला शर्ट ते शेतात घालून आले होते. मी विचारलं तर म्हणाले, "आज मॅच आहे."

फोनला रेंज फक्त बांधावरच्या लिंबाखाली. काका एक पात अर्धीमुर्धी कापायचे, धापा टाकत बांधावर जायचे, सरांना फोन लावायचे. सरांच्या मागं आरडाओरडा, त्यात एखादं वाक्य ऐकू यायचं, की रेंज जायची. "बराबरीत आहे," काका शेताकडं वळून ओरडायचे, आणि शेतात ओरडून उत्तर देणारं कोणी नसायचं. दादारावांना बराबरी म्हणजे चांगलं की वाईट ते ठाऊक नव्हतं. आभाळ काळं होत होतं. मी कळशीपाशी बसून एकदा ढगाकडं, एकदा काकांकडं बघत होतो. दोन्हीपैकी कशावरच माझा काही इलाज चालत नव्हता.

मग काका बांधावर गेले ते परत येईनात. मी गेलो. लिंबाखाली ते फोन कानाला लावून बसले होते आणि फोन केव्हाच कट झाला होता.

"काय झालं, काका?"

"जिंकलो."

"मग?"

"सर म्हणाले, गज्यानं त्या तिघांना वर हातच लावू दिला नाही. वरचे सगळे बॉल आपले. सगळे." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. बोटं रक्ताळलेली होती, त्यामुळं तोंडही लाल झालं. "कसं दिसलं असेल रे ते?"

एवढंच विचारलं त्यांनी.  ज्या एका मॅचसाठी माणूस तीस वर्षं ओट्यावर उभा राहिला, ती त्यानं नांदेडपासून कितीतरी लांब, सोयाबीनच्या धसकटात उभं राहून जिंकली होती. संध्याकाळी पाऊस आला तेव्हा गंजीवर ताडपत्री पडलेली होती. तेवढं मात्र झालं. त्या ताडपत्रीची एक कड मी धरली होती, हे माझ्या नावावर लिहावं.

पुढची मॅच आपण हरलो. त्या टीममध्ये गजाननपेक्षाही उंच दोघं होते. काकांना त्याचं काही वाटलं नाही. "पुढच्या वर्षी," ते म्हणायचे. "पुढच्या वर्षी मी पहिल्या रांगेत बसणार." पण नांदेडला गजाननला फक्त आपल्या लोकांनी बघितलं नव्हतं. पुण्याकडच्या एका मोठ्या कॉलेजचे सर कुणाला तरी भेटायला म्हणून आलेले होते. जूनमध्ये दादाराव आणि गजानन ऑफिसच्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले. खिडकीतून काकांना फक्त गजाननचं पोट आणि शर्टाची बटणं दिसत होती, तरी त्यांनी ओळखलं.

दादाराव चाचरत बोलले. होस्टेल फुकट, मेस फुकट, सरावाला लाकडी मैदान. आणि बूट. गजाननच्या मापाचे बूट हिंगोलीत मिळत नव्हते. तो फाटक्या कॅनव्हासमधून अंगठा बाहेर काढून खेळायचा. "दाखला पायजे व्हता, भाऊसायेब," दादाराव म्हणाले. "पन तुमी न्हाई म्हनले तर न्हाई पाठवत. तुमी आमच्या वावरात राबलात."

आता, भाऊकाका दाखला देण्याबाबत साऱ्या कॉलेजात बदनाम होते. कॉलेज सोडल्याचा दाखला त्यांनी उभ्या नोकरीत कुणाला पहिल्या फेरीत दिला नव्हता. आज साहेबांची सही नाही, उद्या लायब्ररीचं येणं-देणं बघायचं आहे, परवा या. त्यांनी नुसतं "परवा या" म्हटलं असतं आणि ते आणखी दोनदा म्हटलं असतं, तर पुण्याची मुदत निघून गेली असती आणि कुणी त्यांना बोल लावला नसता. काही दिवस आधी एका नगरसेवकाच्या भाच्याला ते तीनदा परत पाठवून बसले होते.

काकांनी कपाट उघडलं, कोरा दाखला काढला आणि लिहायला बसले. साहेबांची सही आणायला स्वतः गेले. लायब्ररीतही स्वतःच गेले. अर्ध्या तासात दाखला गजाननच्या हातात. "जा," म्हणाले. "आमच्याकडं तुझ्या मापाचे बूट नाहीत." गजानन खिडकीतून वाकून त्यांच्या पाया पडायला बघत होता, हात पोचत होते, पण खिडकीचे गज आड येत होते. मी तेव्हा दुकानातून कागद द्यायला गेलो होतो. बाहेर येऊन काकांना म्हणालो, "काका, दोन दिवस तरी ठेवायचा होता." ते म्हणाले, "दोन दिवस ठेवला असता तर दिलाच नसता."

त्यानंतर ते निवृत्त झाले, पण ओट्यावर जाणं चालूच होतं. नवी पोरं आली, पुन्हा पाच फूट सहा, पाच फूट सात. काका पुन्हा फाटकापाशी उभे राहून येऊन सांगायचे, "चौघं आहेत या वेळी." गजानन पुण्याहून मॅचचे व्हिडिओ पाठवायचा. ते बघायला काका माझ्या दुकानात यायचे, कारण त्यांचा फोन लहान होता आणि त्यात गजाननचं डोकं कापलं जायचं असं त्यांचं म्हणणं होतं. बघून झालं की हळहळायचे, "किती वर आहे रे. किती वर आहे." मग गूळ-शेंगदाणे खिशात चाचपत मैदानाकडं निघायचे. पाठ वाकली होती. ते स्वतःच बोटाबोटानं कमी होत चालले होते. मी एकदा गमतीनं म्हणालो, "काका, आता तुमी पाच फूटच राहिलात." ते म्हणाले, "माझं काय घेऊन बसलास. सेंटर बघ."

गेल्या थंडीत ते गेले. सकाळी चहा घेताना, खुर्चीतच. मूल नसल्यामुळं मडकं मी धरलं. खांदा द्यायला कॉलेजची पोरं आली होती, आताची आणि आधीची, सगळी एका उंचीची. तिरडी उचलायच्या बेतात असताना गजानन आला. पुण्याहून आला होता. त्यानं पुढच्या पोराच्या जागी खांदा लावला. सगळे उभे राहिले आणि तिरडी एकदम कलली. एक बाजू आभाळात, दुसऱ्या बाजूला पोरं दबलेली. बायकांतून हाय निघाली.

"पोरा, तू सोड," एक जण म्हणाले. "तुझ्यानं मेळ बसत न्हाई."

सरांनी त्याच्या दंडाला धरून बाजूला घ्यायला बघितलं. त्यानं मान हलवली. गुडघे वाकवले, आणखी वाकवले, तिरडी सरळ होईपर्यंत वाकवले, आणि तसाच चालू लागला.

कयाधू नदीचा काठ आमच्या घरापासून बराच लांब आहे. मडकं धरलेल्यानं मागं वळून बघू नये म्हणतात. मी दोनदा बघितलं. तो तसाच चालत होता, घामानं निथळत, मांड्या थरथरत, आणि त्याचं डोकं बरोबर बाकीच्या पोरांच्या डोक्यांच्या ओळीत होतं. मला त्याला सांगता येत नव्हतं की थांब, आणि थांबू नको असंही सांगता येत नव्हतं.

सगळं आटोपल्यावर तो घाटाच्या पायरीवर बसला होता. पाय सरळ होत नव्हते. दोन पोरं त्याच्या पोटऱ्या चोळत होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"काहून रे गजानन? सोडायचं होतंस. कुणी काही म्हटलं नसतं."

तो नदीकडं बघत होता.

"मी सरळ झालो असतो," तो म्हणाला, "तर काका कलले असते."